व्रान्येकवरचा दुसरा धूर

आमच्या गावात प्रत्येक जुन्या घराकडे एखादे काम परंपरेने चालत आलेले आहे. झ्गोर्निकांच्या घराकडे धूर होता. फेब्रुवारीच्या आरंभी, मेणबत्त्यांच्या सणाला, चर्चची बाराची घंटा वाजू लागली की व्रान्येक डोंगराच्या माथ्यावरून धूर उठला पाहिजे. त्यानंतरच डिसेंबरपासून टांगलेल्या, डुकराच्या खारवलेल्या मांडीला घरोघरी सुरी लागते. धूर करणाऱ्याने एकट्याने जावे, एवढीच अट असते.

हे काम विन्को झ्गोर्निकने आयुष्यभर चोख केले. शरद ऋतूत तो वारला. मागे राहिली त्याची पत्नी नेझा. आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने उमेदीची सगळी वर्षे काढली होती, आणि तिने वाढलेल्या सुपाविषयी तक्रार करण्याची छाती मुख्याध्यापकांनाही झाली नव्हती. मी त्याच शाळेत शिकवत असे. ही माहिती अनुभवाची आहे.

जानेवारीत अग्निशमन दलाच्या खोलीत बैठक भरली. दलाचे अध्यक्ष बोगोमिर तोमाझिन यांनी अत्यंत गोड शब्दांत सुचवले की विधवा बाईवर हा भार नको. धूर त्यांचा पुतण्या गाश्पर याच्या घराकडे जावा. गाश्परपाशी बर्फावर चालणारी मोटारगाडी होती. खिंडीपर्यंतची चढण ती सहज पार करी.

“नेझा, अगं, तुझ्या त्या कर्प्ल्या आता भिंतीवर टांगायच्या,” बोगोमिर म्हणाले. बर्फात पाय रुतू नयेत म्हणून लाकूड वाकवून, चामड्याच्या वाद्यांनी विणलेली ती पादत्राणे विन्कोने स्वतः केली होती.

“टांगीन की,” नेझा म्हणाली. “मी मेल्यावर. तोवर घर माझं आणि धूरही माझाच.”

तिला शेवटची संधी द्यावी असे ठरले. यंदा चुकली तर धूर गाश्परकडे. उन्हाळ्यात ती माथ्यावर पुष्कळदा गेली होती. बर्फात मात्र कधीच नाही.

सणाच्या दिवशी उजाडायच्या आत ती निघाली. पुढचा वृत्तान्त तिने मला नंतर, बटाटे सोलता सोलता, सांगितला. खिंडीपर्यंत कर्प्ल्यांनी साथ दिली. तिथे वारा इतका होता की तिने त्या काढून पाठीवरच्या, धुरासाठी नेलेल्या जुनिपरच्या फांद्यांच्या जुडीला बांधल्या आणि खडकाला हात घातला. भेगांत बर्फ गोठले होते. हातमोज्यांनी पकड येईना, म्हणून ते दातांत धरून ती उघड्या बोटांनी चढली. मधल्या अरुंद घळीत पाठीवरची जुडी अडकली आणि तिला ना वर जाता येईना, ना खाली. “तिथे विन्कोला मनसोक्त शिव्या घातल्या,” ती म्हणाली. “असली अडचणीची जागा आहे हे एका शब्दानं बोलला नव्हता कधी.” मग तिने जुडी सोडवली, दोरीने पायाला बांधली आणि मागून ओढत वर नेली.

घंटेचा नाद कानी पडला तेव्हा जुनिपर पेटला होता. परंतु तोवर ढगाने व्रान्येकला माथ्यापासून कंबरेपर्यंत गिळले होते. आम्ही सारे चर्चच्या भिंतीपाशी माना वर करून उभे होतो. आम्हाला पांढऱ्याखेरीज काहीही दिसले नाही.

दुपारी ती खाली उतरली, तोवर खानावळीत निकाल लागलेला होता. धूर दिसला नाही, म्हणजे धूर झाला नाही, असे बोगोमिर म्हणत होते. परंपरा धूर करण्याविषयी बोलते, दिसण्याविषयी नव्हे, असे मी निदर्शनास आणले. त्यावर, ‘मी वर गेले होते’ असे कोणीही म्हणेल, हे त्यांचे उत्तर.

नेझाच्या बोटांची सालटी निघाली होती. ती दाखवली असती तरी पुरले असते. तिने हात खिशात घातले.

“राख वर आहे. बघून या,” ती म्हणाली. “गाश्परला पाठवा.”

गाश्पर बुटांकडे पाहत पुटपुटला, “काका, गाडी खिंडीपर्यंतच जाते.”

कोणी हसले. बोगोमिर हसले नाहीत. नियम तो नियम, असे म्हणून त्यांनी मांडीला सुरी लावू दिली नाही. नेझा सूपही न पिता घरी गेली.

दुसऱ्या दिवशी आकाश काचेसारखे स्वच्छ होते. बाराची घंटा वाजू लागली आणि रस्त्यावर कोणीतरी थबकले, मग आणखी कोणी. व्रान्येकच्या माथ्यावरून जाड, करडा धूर सरळ वर चढत होता. घंटा ओढणाऱ्या म्हाताऱ्या फ्लोर्यानने खिडकीतून तो पाहिला आणि नेमाचे ठोके संपले तरी दोर सोडला नाही. मला बेशिस्त खपत नाही. तरीही मी त्याला थांबवायला गेलो नाही.

सण काल होता, आजच्या धुराला अर्थ नाही, असे बोगोमिर जो भेटेल त्याला सांगत होते. संध्याकाळच्या आत नेझा उतरली. कर्प्ल्या खांद्यावर होत्या आणि बोटांना फडकी गुंडाळलेली होती. खानावळीच्या दारात तेच वाक्य त्यांनी तिलाही ऐकवले.

“सणाचा धूर कालच झाला, बोगोमिर,” ती म्हणाली. “आजचा खास तुमच्यासाठी होता.”

मग ती आत आली, कर्प्ल्या चुलीपाशी वाळत ठेवल्या आणि तिने मांडीचा पहिला काप मागितला. खानावळवाल्याने अध्यक्षांकडे पाहिले नाही. त्याने सुरी उचलली.