मामाची समई

कोर्टाचा निकाल माझ्या बाजूने लागला, तरी मामा माझे उसने पैसे देईना. शेवटी बेलिफाला घेऊन मी कुंभकोणमहून तिरुविडैमरुदूरला त्याच्या घरी थडकलो. जप्त करावी अशी एकच वस्तू होती, नाचियारकोविलची पितळी समई. आम्ही दारात दिसताच मामीने ती लावली. देवापुढचा दिवा मालवायला बेलिफ धजेना. म्हणाला, तेल संपू द्या. मामी तेल घालतच राहिली. मी ओसरीवर येरझाऱ्या घालत मनातल्या मनात दोघांना शिव्या मोजत होतो. मामा निवांत सुपारी कातरत होता. दुपारी मामीला बसल्या जागी डुलकी लागली. वात तडतडली, बेलिफ उठला, आणि घरच्या सवयीने मीच ओरडलो, "मामी, तेल."