मार्सेलबाबांच्या पिंपातली एक वाटी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसून पान उलटलंय. आमच्या रत्नागिरीकडच्या गावात जिन, चकवा, काय काय सांगायचे. माझे वडील मशिदीच्या कमिटीवर होते. असलं काही घेऊन कुणी आलं की ते म्हणायचे, "आधी डॉक्टरकडे जा, झोपेची गोळी घे, मग बघू." मीही त्यांच्यासारखाच. त्यातून पेशाने स्टोअरकीपर. रॅकवर आहे ते आहे, नाही ते नाही.

तरी हे लिहितोय. कारण यातला अर्धा भाग मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही – आणि तो अर्धा भाग भुताचा नाही, माझा आहे.

नव्वदच्या दशकात मी बहरीनला, मनामातल्या एका मोठ्या हॉटेलात होतो. बाब अल बहरीन या जुन्या वेशीपासून चालत दहा मिनिटं. हॉटेलच्या तळघरात दोन स्टोअर होती, एक किराण्याचं आणि एक दारूचं. घरी मी पहिलं सांगितलं होतं. काम दुसऱ्यात होतं. मी स्वतः कधी थेंब घेतला नाही, पण ते सांगून गावात कुणाला पटलं असतं?

मार्सेलबाबा आमचे पेस्ट्री शेफ. साठी उलटलेले, स्विस. सगळा स्टाफ त्यांना बाबाच म्हणायचा. त्यांचं गाव आल्प्समधल्या एका चिंचोळ्या दरीत, इतकं उंच की तिथे द्राक्षं होतच नाहीत. मळे खाली नदीकाठी. जुन्या काळी लोक खेचरं घेऊन खाली उतरायचे, द्राक्षं करायचे आणि वाईन वर घेऊन यायचे. वर घराघरात गार तळघर, आणि त्यात लार्च नावाच्या पहाडी झाडाच्या लाकडाची पिंपं. पद्धत अशी की पिंप कधीच रिकामं करायचं नाही. जेवढी काढली तेवढी नवी ओतायची. म्हणजे तळाला पणजोबाच्या हातचीही थोडी असतेच. हिमनदीची वाईन म्हणतात तिला. रंगाने मधासारखी, वासाला राळ आणि अक्रोडाची साल... चव मला विचारू नका.

त्या घरच्या पिंपातून भरलेलं दहा लिटरचं एक छोटं पिंप बाबांनी हॉटेलच्या मालाबरोबर बहरीनला मागवलं होतं. ते माझ्या स्टोअरच्या कोपऱ्यात असायचं, वर एक लाकडी वाटी टांगलेली. दर शुक्रवारी बाबा येत, एक वाटी घेत, आणि मुलीने पाठवलेल्या बाटलीतून तेवढीच परत ओतत. मग बोटाच्या पेराने पिंपावर वरून खाली टकटक करत जायचे. आवाज जिथे बदलतो तिथवर वाईन. तिथे खडूने रेघ.

"तू पीत नाहीस ना, इब्राहिम? मग ऐक," म्हणायचे. मला त्यांनी ते शिकवलं. दोन वर्षांत मी न उघडता सांगू शकायचो.

एकदा म्हणाले, "आमच्याकडे माणूस आपल्या मयताची वाईन आणि चीज जिवंतपणीच राखून ठेवतो. माझं चीज तीस वर्षं वाट बघतंय. लोकांचे दात पडणार आहेत." आणि स्वतःच खूप हसले. मग म्हणाले, "आमच्या घरात शेवटची वाटी मात्र त्या माणसानेच घ्यायची असते. जाण्याआधी."

त्या वर्षी रमजान थंडीत आला होता. रमजानभर आमचं दारूचं स्टोअर बंद असे. कुलूप माझं, त्यावर मॅनेजरच्या सहीचं कागदी सील. आदल्या दिवशी मी वाटी धुऊन उपडी टांगली, पिंपावर टकटक केली, रेघ तपासली. यल्ला, खलास, महिनाभर सुट्टी.

पंधराव्या रोज्याला बाबांना सलमानियाच्या हॉस्पिटलात हलवलं. हृदय थकलं होतं, पाय सुजलेले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी हात धरला. "एक वाटी आण. औषधाच्या बाटलीत घाल हवं तर."

मी म्हणालो, "उद्या आणतो."

नंतर मी स्वतःला बरंच समजावलं. रोजा होता, कायदा होता... ती कारणं खरी होती, पण ती माझी नव्हती. गेटवर पकडला गेलो तर व्हिसा जाईल आणि गावात कळेल, हे माझं कारण होतं. मॅनेजर भला माणूस. सील काढू का, असं विचारलं असतं तर त्याने काहीतरी वाट काढली असती. मी विचारलंच नाही.

तीन वेळा "उद्या" म्हणालो. चौथ्या वेळी त्यांनी नुसतं बघितलं, आणि मी म्हणालो, "बाबा, तुम्हाला सांगवत नव्हतं. स्टोअरचा एसी बंद पडला होता. पिंप गळलं. उरलेली आंबली."

तोंडातून कसं निघालं कळलं नाही. नाही म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून मारूनच टाकली वाईन.

बाबांनी माझा हात थोपटला. मग म्हणाले, "तुझी चूक नाही. पणजोबापासून टिकली होती. मीच तिला या उन्हाच्या देशात आणली." आणि भिंतीकडे कूस वळवली.

जाऊन खरं सांगायचं, एवढंच करायचं होतं. पुढचे चार दिवस मी गेलो नाही.

गुरुवारी रात्री बाबा गेले. ईदला तीन दिवस होते. शुक्रवारी ऑफिसने मला त्यांचं सामान आणायला पाठवलं. वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होती, मला चेहऱ्याने ओळखायची. मला बघताच तिने बाजूला घेतलं.

"कल तुम क्या लेके आया था, भाई? रमजान में? मेरा नौकरी खाएगा क्या?"

मी म्हटलं, "सिस्टर, मैं कल नहीं आया."

"अरे, मेरे को बेवकूफ समझता? चार बजे. ये ही लाल स्वेटर. लकड़ी का कटोरा था हाथ में. मैं आई तब तक पपा पी लिया था, पूरा कमरा बास मारता था... पेड़ का गोंद जैसा." मग तिचा आवाज उतरला. "मैंने रिपोर्ट नहीं किया. मरने वाला आदमी था. कितना दिन बाद हँसा. बोला, ये इब्राहिम को झूठ बोलना भी नहीं आता, वाइन तो एकदम ठीक है."

मी सामानाची पिशवी घेतली आणि बाहेर आलो. बस धरून हॉटेलवर परतलो.

गुरुवारी चार वाजता मी किराण्याच्या कोल्ड रूममध्ये होतो. बरोबर आमचा एसी टेक्निशियन कांबळे होता, साताऱ्याचा. साडेतीनपासून मगरिबच्या अजानपर्यंत आम्ही कॉम्प्रेसर खोलून बसलो होतो. त्याला सिस्टरचं बोलणं सांगितलं.

"इब्राहिमभाई, रोज्याने डोकं हलकं झालंय तुमचं. तुमच्या तोंडवळ्याचे पाचशे लोक आहेत मनामात. लाल स्वेटर तर निम्म्या बहरीनकडे आहे."

"आपण चारला कुठे होतो?"

"कुठे म्हणजे? मी पाना मागत होतो आणि तुम्ही मला दरवेळी पक्कड देत होता. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

तो असलं काही मानणारा नव्हता, आणि मीही नव्हतो.

ईदनंतर मॅनेजरने स्वतः सील फाडलं. अख्खं होतं, सही जागेवर. मी कोपऱ्यात गेलो. वाटी सुलटी टांगलेली होती, आणि तळाला मधाच्या रंगाचं सुकलेलं वर्तुळ. मी पिंपावर टकटक केली. आवाज रेघेच्या खाली बदलला. एका वाटीएवढं असेल... महिनाभरात लाकडातून तेवढी आटतही असेल, मी नाही म्हणत नाही. वाटी मीच सुलटी ठेवली असेन, हेही धरू. पण वाईन चांगली आहे, हे त्या वॉर्डात कोण सांगणार होतं? ते फक्त मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात बाबांची मुलगी बाबांना न्यायला आली. पिंपही नेलं. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, "गेले त्या संध्याकाळी पप्पांनी फोन केला होता. तू काय केलंस ते सांगितलं. तू किती धोका पत्करलास, मला कळतं."

मी म्हणालो, "इट वॉज नथिंग."

इतकंच. पहिलं खोटं भीतीने बोललो होतो. हे दुसरं मात्र... बरं वाटलं म्हणून.

त्यानंतर दर वर्षी तिचं पत्र येतं. बहरीन सुटलं, मी गावी परतलो, तरी पत्ता शोधून पाठवते. तिच्या घरी नवी वाईन ओतायच्या दिवशी माझं नाव घेतात म्हणे. तिच्या मुलांना माझी गोष्ट पाठ आहे. मी दर वर्षी आभाराचं कार्ड पाठवत आलो.

गेल्या महिन्यात तिला खरं लिहिलं. की मी आलो नव्हतो. की पिंप गळल्याचं मीच सांगितलं होतं आणि तिचे वडील चार दिवस तेच धरून पडून होते. तिचं उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं धरूनही चालत नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कांबळे अजून फोनवर म्हणतो, "सिस्टरचा घोळ झाला असेल, सोडा." असेलही. मला एवढंच नक्की सांगता येतं की गुरुवारी चार वाजता बाबांच्या खाटेशी कुणीतरी उभं होतं, आणि तो मी नव्हतो.