कोंडवाड्यातली शेळी

माझे अक्षर किरटे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पानोपानी होतील. शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा सांभाळून घ्यावे. लोकांसमोर मला शब्द सापडत नाहीत, म्हणून हे वहीत लिहिते.

मोठ्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी, शिमगा झाल्यावर मी सांगलीहून निघाले. मालक फौजेत वारले तेव्हापासून मी विश्रामबागेत दिरांकडे असे. मालकांच्या पलटणीतले एक सुभेदार पेन्शनीत आले होते. कोरेगावजवळच्या आपल्या गावी त्यांनी उघड्या डोंगरावर गावकऱ्यांकडून रोपे लावून घेतली होती. 'उन्हाळाभर पाणी घालायला मायेचे माणूस पाहिजे. पगार नाही, दोन वेळची भाकरी आहे,' असे त्यांचे पत्र आले. माझ्यावाचून घरात काही अडणार नव्हते.

साताऱ्याच्या स्टँडवर मी चुकून वाईच्या गाडीत बसले.

"आवं बाई, कोरेगावची तिकडं! गणपतीला जायाचं असंल तर बसा की," कंडक्टर म्हणाला. सगळी गाडी हसली. मी मान खाली घालून उतरले.

डोंगर पाहिला. नुसता मुरूम. त्यात कडुलिंब, करंज आणि चिंचेची वीतभर रोपे, भोवती बाभळीचे काटे. पायथ्याच्या विहिरीवरून हंडा-कळशी घेऊन दिवसभर चढ-उतार करायची. दुपारी सुभेदारांच्या घरून भाकरी आणि माडगे (हुलग्याच्या पिठाची पातळ पेज) यायचे. माझा आवाज मला गुरे हाकलतानाच ऐकू यायचा. पण ओले आळे पाहिले की बरे वाटे. सांगलीत माझी कोणी वाट बघत नव्हते. इथे ही रोपे तरी बघत होती.

एका सकाळी काट्यांतून तोंड घालून एक शेळी चिंचेची रोपे खाताना दिसली. सहा रोपांचे खुंट उरले होते. मी कधी कोणावर रागावत नाही, पण त्या दिवशी तिला दाव्याने ओढत गावच्या कोंडवाड्यात (मोकाट जनावरे अडकवायची जागा) घातले.

दुपारी एक म्हातारी काठी आपटत वर आली. ती सकीनाबी, एकटीच राहणारी.

"लय मोठ्या शारातनं आलीस व्हय गं? घरी करडू वरडून मरतंय, अन् त्याची आई तुरुंगात!"

करडाचे मला ठाऊक नव्हते. सोडवायला पाच रुपये दंड होता आणि तिच्याकडे पैसे नव्हते. मी परतीच्या तिकिटाचे पैसे काढून भरले. शेळी घराकडे पळत सुटली.

"भीक नगं मला. आंडी इकून फेडीन," सकीनाबी म्हणाली.

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी ती आठ आणे घेऊन डोंगर चढायची. नाणे हातावर ठेवून बसायची आणि मला बोल लावायची.

"नुसतं पाणी वततीस, येडे! बुडात पाला घाल, वल टिकंल."

तसे केल्यावर खरेच ओल टिकली. खाल्लेल्या खुंटांपैकी चारांना कोंब फुटले. ते तिला दाखवायला मी बाजारच्या दिवसाची वाट पाहू लागले. एकदा मी म्हटले, "मावशी, घाई नाही. चार-चार आणे दिलेत तरी चालेल."

"का गं? कबरीतनं येऊन फेडू व्हय?"

मी हसले. खरे कारण सांगता आले नाही.

मृगाचा पाऊस लागला आणि रोपांना माझी गरज उरली नाही. एक रुपया यायचा होता. मी मुद्दामच सकीनाबीला न सांगता निघाले. तेवढे राहिले तर माझी आठवण काढायला गावात एक माणूस राहील, असे मनात होते.

फाट्यावर गाडीत बसले, तर खिडकीवर काठी वाजली. सकीनाबी चिखलात उभी होती, धापा टाकत.

"चोरावाणी चाललीस? मला देणेकरी ठिवून?" तिने रुपया माझ्या मुठीत दाबला. "फिटलं बाई सगळं. आता तुजं-माजं काय न्हाई."

गाडी सुटली. ती वळून पाहील म्हणून मी खिडकीबाहेर डोके काढले, पण ती डोंगराकडे चालू लागली होती. पाच रुपये पुरते फिटले होते.