आठव्या घराच्या चौकटीवरची खाच

श्री. बेंजामिन कोर्लेकर यांची आणि माझी ओळख वादावादीने झाली. कॅनडात, ब्रॅम्पटनमधल्या एका शाळेच्या जिममध्ये आपल्या मंडळाचा गणपती होता आणि मखर मी उभारले होते. पांढरा स्वेटर घातलेले एक उंच गृहस्थ बराच वेळ मखराकडे बघत होते. शेवटी जवळ येऊन म्हणाले, "उजवा खांब पाऊण इंच आत गेलाय."

"अर्धा इंच," मी म्हणालो. मला ते आधीच दिसले होते.

"पाऊण."

टेप लावली. पाच सूत भरले, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे दोघेही एकेका सुताने चुकलो होतो. त्यांच्या पत्नी फ्लोराकाकू मागून म्हणाल्या, "झालं! यांना यांच्यासारखाच दुसरा मिळाला. आता माझं बेसमेंट काही मला परत मिळत नाही."

काकूंचे भाकीत खरे ठरले. त्यानंतरची सहा वर्षे बहुतेक प्रत्येक रविवारी दुपारी मी वॉनमधल्या त्यांच्या बेसमेंटमध्ये होतो. कोर्लेकरकाकांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात मी लिहावे असे समितीने सुचवले, ते त्यामुळेच. आठवडाभर वेअरहाऊसमध्ये काम करून मी हे लिहितो आहे. लेखात उत्साह कमी दिसला तर तो थकवा आहे, आदर कमी नाही.

काका कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. तरुणपणी मुंबईच्या एका कारखान्याने त्यांना ड्राफ्ट्समन म्हणून वर्षभराच्या प्रशिक्षणाला जर्मनीत पाठवले. हार्झच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या एका लहान गावात ते राहिले. तिथली बाजाराची गल्ली त्यांच्या मनात भरली. दोन्ही टोकांना अरुंद आणि मधे पोटासारखी फुगलेली, कारण तिथे गाड्या उभ्या राहायच्या. दोन्ही बाजूंना मिळून एकोणीस घरे. लाकडाचा सांगाडा, मधे मातीचे लिंपण, प्रत्येक मजला खालच्या मजल्यापेक्षा वीतभर पुढे आलेला. घरे रुंदीला कमी आणि खोलीला जास्त, कारण बाजाराकडे तोंड प्रत्येकालाच हवे होते. छपराच्या त्रिकोणात धान्याची पोती वर ओढायचा दांडा. एका आगीनंतर काही घरांचा तळमजला दगडी झाला, तोही काकांनी दगडागणिक कागदावर उतरवला.

शनिवारी ते धर्मानुसार काम करत नसत. रविवारी दुकाने बंद असत, गल्ली रिकामी असे. तेव्हा टेप घेऊन ते एकटे मोजत. अशा वर्षभराच्या रविवारांतून चौतीस शीट तयार झाली. ती मुंबईला गेली, मग कॅनडात आली आणि निवृत्तीपर्यंत पत्र्याच्या नळीत पडून राहिली.

त्या शीटांवरून एकास पन्नास या मापाने लाकडाची गल्ली उभी करायची, हे आमचे काम. मला वास्तुशास्त्राची पदवी नाही. जे शिकलो ते लायब्ररीतली पुस्तके वाचून आणि स्वतःच्या हाताने. काकांनी एकदाही पदवी विचारली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी एक तुळई कापायला दिली, भिंगातून पाहिली आणि म्हणाले, "ठीक." ते शब्द फार जपून वापरतात. त्या "ठीक"वर मी दोन हिवाळे काढले.

घाई मात्र होती. काकांच्या डोळ्यांच्या मधोमध अंधार साठत चालला होता. कडेचे दिसायचे, समोरचे नाही. "बघता येतंय तोवर गल्ली पुरी व्हायला हवी," एवढेच ते म्हणाले. त्यानंतर डोळ्यांचा विषय त्यांनी काढला नाही. बर्फ असो वा पाऊस, मी जात राहिलो. कधी दोघेही इतके दमलेले असायचो की तासभर काही न बोलता खिडक्यांच्या चौकटी चिकटवायचो. काकू चहा आणून ठेवत आणि विचारत, "जिवंत आहात ना दोघं?"

आता जे लिहितो आहे ते आजवर काकांखेरीज कोणालाच सांगितलेले नाही.

दक्षिणेकडची बारा घरे उभी राहिली तेव्हा काकांनी विचारले, "सुधाकर, आठव्या घराच्या उजव्या चौकटीवरची खाच घेतलीस ना?"

"कुठली खाच? शीटवर खाच नाही, काका. मी काही सोडत नाही."

"तिरपी. बोटभर."

ट्रेसिंग करण्याआधी शीट खोडरबराने साफ करायची माझी सवय. दारावर एक तिरपी रेघ आणि शेजारी बारीक आकडा होता. पेन्सिल घसरली असेल असे समजून मी दोन्ही पुसून टाकले होते. माझ्या टापटिपीचा मला अभिमान होता. मी तसे सांगून टाकले.

काका रागावले नाहीत. खुर्चीत बसले आणि त्यांनी मला त्या दाराची हकीकत सांगितली. घर मोजायची परवानगी मागायला ते त्या दारात गेले. आत राहणारा चांभार "या" म्हणाला. पाऊल उचलताना, कोकणातल्या घरी लागलेल्या सवयीने, त्यांचा हात आपोआप उजव्या चौकटीकडे गेला आणि बोट एका खाचेत बसले. ज्यू घराच्या दाराला मेझुझा लावतात, धर्मवचनाची लहानशी डबी, आणि येताजाता तिला शिवून बोट ओठांना लावतात; ती बसवायची ही जागा. डबी नव्हती, वरून रंग फासलेला होता. चांभार म्हणाला, जुना खिळा असेल. आधी तिथे कोण राहत होते आणि त्यांचे काय झाले, हे गल्लीत कोणीच सांगेना. "मीही जास्त विचारलं नाही," काका म्हणाले. "मोजून घेतलं, बस."

काकांच्या त्या गावातल्या घरमालकिणीच्या मुलीने नुकताच ईमेलने फोटो पाठवला होता. आठव्या घरात आता मोबाईलचे दुकान आहे, दार काचेचे. म्हणजे ती खाच जगात फक्त त्या शीटवर होती, आणि ती मी पुसली होती.

"अंदाजाने कोरूया का?" मी विचारले.

"अंदाजाने आपण काही केलंय का आजवर?"

मग मला सुचले, काका फोर-एच पेन्सिलने काढत. इतकी टणक पेन्सिल कागदावर वळ ठेवते. दिवे बंद केले, शीट टेबलावर पसरले आणि टॉर्च अगदी कागदालगत आडवी धरली. रेघ सावली होऊन वर आली. शेजारी आकडा: उंबऱ्यापासून एक मीटर शेहेचाळीस. मी तो मोठ्याने वाचला. काका म्हणाले, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला.

खाच आमच्या मापात दोन मिलिमीटर आली. ती कोरायला मला तीन रविवार लागले. दोन चौकटी फुकट गेल्या. पुढे मंडळातले लोक गल्ली बघायला आले तेव्हा कोणीतरी विचारले, हे दार इतरांपेक्षा नवे का दिसते? मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, "शीटवर त्याची खाच मीच पुसट काढली होती. सुधाकरने शोधली." या माणसाने आयुष्यात चुकीचे माप सांगितले नाही. सांगितले ते एवढेच, माझ्यासाठी. आज ते मी दुरुस्त करतो आहे.

उत्तरेकडची सात घरे बाकी आहेत. काकांना आता गल्ली दिसत नाही, कडेचा उजेड तेवढा कळतो. मी दमलो आहे. तेही दमले आहेत. पण कोर्लेकरकाकांना निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आमच्या वेगाने सात घरांना चार वर्षे लागतील. तेवढे तर हवेच, आणि वर झालेल्या कामात चुका काढायला आणखी वीस.

गेल्या रविवारी निघताना त्यांनी टेबलाच्या कडेने चाचपत घरे मोजली. आठव्याशी थांबले. करंगळीचे नख उजव्या चौकटीवरून सावकाश वर सरकत गेले आणि अडले. नंतर ते बोट त्यांनी ओठांना लावले.

"ठीक," ते म्हणाले.