बाईंच्या अंगणातली दोरी

निवृत्त होऊन अमरावतीला आल्यावरही सत्यभामाबाईंना तिवसा आठवायचा तो तिथल्या उन्हासकट. लोक त्या उन्हाला शिव्या घालत. बाईंचा मात्र त्याच्यावर जीव होता.

एकसष्ट साली त्या तिथं मुलींना गृहशास्त्र शिकवीत. भरतकाम, स्वयंपाक झाला की दार लावून पाळीबद्दलही सांगत. "फडकं स्वच्छ धुवायचं आणि उन्हात वाळवायचं." मुली माना डोलवत आणि घरी जाऊन ओली फडकी खाटेखाली दडवत. पालथ्या घड्यावर पाणी!

नववीतली शालू सगळ्यांत हुशार, पण पावसाळ्यात तिची शाळा सारखी बुडू लागली. बाई घरी गेल्या. कोंदट फडक्यांनी पोरीच्या जांघा सोलवटल्या होत्या.

"बाहेर कशी वाळू घालू बाई?" तिची आई भागीरथा म्हणाली. "मानसाची नजर पडली त? त्यापरीस शाळाच बंद करतो तिची."

बाईंना संताप आला. "शालू, तुझी फडकी माझ्याकडे आण," त्या म्हणाल्या. बाई विधवा, पन्नाशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांना कोण काय बोलणार? पाऊस उघडल्यावर अंगणातल्या दोरीवर त्यांच्या पातळाशेजारी शालूची फडकी वाळू लागली. मग हळूच आणखी मुलींची आली. बाईचं डोकं फिरलं, असं गल्ली म्हणाली.

एका सकाळी शालूचे वडील मोतीराम दाराशी आले. "बाई, पोरीचं नाव कमी करा. तब्येत साथ देत नाही म्हन्ते तिची माय." मग दोरीकडे पाहत त्यांनी विचारलं, "हे काय होय?"

बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

मोतीराम दोरीपाशी गेले. "धम्म घेतला तवा जुनं सारं टाकलं आमी," ते म्हणाले. "हे कावून रायलं?"

"कारण तुम्ही विचारलं नाही आणि घरच्या बाया बोलल्या नाहीत."

नावाचं काहीच न बोलता ते निघून गेले. दोन दिवस शालू शाळेत आली नाही. आपण तोंड उघडून पोरीचंच वाटोळं केलं, अशी धास्ती बाईंनी घेतली. शेवटी त्या तिच्या घरी गेल्या.

मोतीराम अंगणात निंबापासून दाराच्या खांबापर्यंत दोरी ताणत होते. दुसरं टोक शालूनं धरलं होतं.

"लोक काय म्हन्तीन?" भागीरथा पुटपुटत होती.

"म्हनू दे." त्यांनी गाठ आवळली. "बाई, इथं दिवसभर ऊन रायते. उद्यापासून पाठवतो तिले."

अमरावतीच्या अंगणात बाईंची दोनच पातळं वाळत. दोरी मात्र त्यांनी सवयीनं लांबच बांधली होती.