गंगापूर रस्त्यावरची बिनकडीची घरं

नाशिक रोड स्टेशनावर उतरले तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक फिरकीचा तांब्या आणि एक खोटं, एवढं सामान होतं. घरी मी गंगास्नानाला जाते म्हणून सांगितलं होतं. (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात.) तुरुंगातून सुटलेल्या बायकांच्या वस्तीवर चार दिवस राहायला निघाले आहे असं खरं सांगितलं असतं, तर सासूबाईंनी बांधलेली वळकटी सोडून ठेवली असती आणि आमच्या ह्यांनी गाड्यांचं वेळापत्रक लपवलं असतं.

टांगेवाले अब्बासचाचा पांढऱ्या दाढीचे आणि बोलके. गंगापूरच्या रस्त्याला विटांच्या भट्टीपाशी जायचंय म्हटल्यावर त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"जेलवाल्या बायांकडं? बसा की बाई. पण त्यांच्या तोंडावर जेलवाल्या म्हणू नका हां. मी एकदा म्हटलं, तर त्या गंगूबाईनं भर रस्त्यात लगाम धरून माझ्याकडून माफी मागून घेतली. घोडा पण मान खाली घालून हुबा!"

गाव मागे पडलं, पेरूच्या बागा लागल्या आणि मग उघड्या माळावर एका ओळीत आठ खोल्या दिसल्या. पाच कौलारू, तीन अजून डोक्यावर आभाळ घेऊन उभ्या. समोर चिखल तुडवत होती माझी बालमैत्रीण जानकी. शाळेत बोटाला शाई लागली तर रडणारी ही बाई आता कोपरापर्यंत मातीत होती.

"आलीस? पदर खोच आणि विटा उचल," ती म्हणाली. चहाबिहा काही नाही.

चार विटा मी मोठ्या ऐटीत उचलल्या. त्यातली चौथी माझ्याच पायाच्या अंगठ्यावर पडली. सगळ्याजणी पोट धरधरून हसल्या आणि त्या हसण्यात माझं पाहुणेपण संपलं.

जानकी मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली होती. आत तिला कळलं, की आपल्याला न्यायला हारतुरे घेऊन लोक येतील, पण शेजारच्या चटईवरच्या बाईला न्यायला कुणीही येणार नाही. माहेर दार लावून घेतं आणि सासर तर आधीच लावून बसलेलं असतं. त्यातून ही सहकारी मंडळी उभी राहिली. अकरा बायका मिळून विटा पाडतात, विकतात आणि त्याच विटांनी आपल्या खोल्या बांधतात. खोली मंडळीची, राहणारीची जन्मभर. प्रत्येकीला एक मत. भिंतीला ओळंबा कसा लावायचा हे शिकवायला आणि दारंखिडक्या बसवायला करीम मिस्त्री. त्यांचं म्हणणं, पुरुष शिकाऊंपेक्षा या बऱ्या, चुकलं तर निदान कबूल करतात.

दुपारी नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी. चटणी इतकी झणझणीत, की मी तांब्याची फिरकी उघडेपर्यंत डोळ्यांतून गंगा वाहिली. तेवढंच काय ते माझं गंगास्नान.

जेवताना शेजारी बसली होती सखू. पेठच्या डोंगराकडची, तिशीची, काटक. रानातल्या एका मोळीवरून जंगलच्या शिपायाशी भांडण झालं, हातातलं लाकूड त्याच्या डोक्यात बसलं आणि ही तीन वर्षं आत गेली. तिची मुलगी चंद्री तेव्हापासून शहरातल्या एका अनाथाश्रमात आहे. आता आठ वर्षांची. आश्रम मुलगी द्यायला तयार होता, पण सखूला घर आहे असा सरकारी दाखला हवा होता.

"मग अडलंय कुठे? घर तर झालंय," मी विचारलं.

"कडीवर," सखू म्हणाली.

मला वाटलं थट्टा करते आहे. पण खरंच तसं होतं. मंजूर नकाशात प्रत्येक दाराला बाहेरून कडी-कोयंडा होता आणि या दारांना कड्या फक्त आतून. पाहणीचे साहेब एकदा येऊन, मान हलवून परत गेले होते. बाहेरून कडी लावायची नाही, हा मंडळीने हात वर करून केलेला पहिला ठराव. सगळ्यांत उंच हात गंगूबाईंचा. त्यांनी अकरा वर्षं आत काढली होती. त्यांचा गुन्हा मी विचारला नाही, त्यांनीही माझा विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब पुन्हा यायचे होते. संध्याकाळी भट्टीपाशी बैठक बसली. सखू उठून उभी राहिली.

"माझ्या येकटीच्या दाराला लावा. मला बी नको हाय ती. पण माझी पोर तिकडं लोकाच्या दारात हाय."

मग एकेक हात वर गेला. गंगूबाईंचा गेला नाही. त्या उठून विटा रचायला निघून गेल्या. माझं मत नव्हतं म्हणून बरं. कुणाच्या बाजूने हात वर करावा हे मला सांगता आलं नसतं.

सकाळी करीम मिस्त्रींनी सखूच्या दाराला कडी ठोकली. एकेक खिळा त्यांनी सावकाश, मोजूनमापून मारला.

साहेब आले. तरुण, कडक इस्त्रीचे, हातात नकाशाची गुंडाळी. कडी हलवून पाहिली, "ठीक," म्हणाले आणि आतली लांबी-रुंदी मोजायला एकटेच खोलीत गेले. आम्ही सगळ्या दारापासून चार हात लांब उभ्या.

तेवढ्यात गंगूबाई हातात घमेलं घेऊन तिकडून आल्या. घमेलं खाली ठेवलं, दार ओढलं, कडी घातली, एकदा हिसका देऊन पाहिली आणि पुन्हा घमेलं उचलून चालू लागल्या.

शेवटची पाच वर्षं आत त्यांना पहाऱ्यावर नेमलं होतं. (जुन्या कैद्यांकडेच हे काम देतात.) माणूस आत गेलं की कडी घालायची. आपण काय केलं हे त्यांना ठाऊकही नव्हतं.

"अहो, दार!" आतून साहेब ओरडले. मग धडाधड थापा. "कोण आहे? उघडा! उघडा म्हणतो ना!"

आणि एकही बाई हलेना. जानकीसुद्धा. आतून थाप पडली की आपण गप्प राहायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं. मी धावले, पण दुखरा अंगठा! माझ्याआधी करीम मिस्त्री पोचले.

साहेब बाहेर आले. घामाघूम, टोपी वाकडी.

"अर्धा तास कोंडलंत मला!"

"साहेब, इतक्यात माझी बिडी पण पेटली नाही," रस्त्यावरून अब्बासचाचा म्हणाले. साहेबांना आणणारा टांगा त्यांचाच.

गंगूबाई स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मग मटकन मातीत बसल्या. "मी घातली? मीच घातली का गं?" आणि सखूकडे वळून, "तुझी पोर घालवली मी!" सखूने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. दोघी रडत होत्या आणि माझ्याही डोळ्यांना धार लागली. या वेळी चटणी नव्हती.

साहेबांनी दोघींकडे पाहिलं, मग त्या कडीकडे. पाणी मागितलं, प्यायले. मग नकाशा विटांवर पसरला, पेन्सिल काढली आणि आठही दारांवरची कडीची खूण एकेक करून खोडली.

"नकाशात चूक आहे," ते कुणाकडेही न बघता म्हणाले, आणि खाली सही करून सखूला दाखला लिहून दिला.

करीम मिस्त्रींनी ठोकायला जितका वेळ घेतला त्याच्या पावपटीत कडी उपटली.

माझी गाडी दुसऱ्या दिवशी दुपारची. आश्रम वाटेवरच, म्हणून दाखला घेऊन सखू माझ्याच टांग्यात बसली. सगळा रस्ता ती नऊवारीच्या निऱ्या सारख्या करत होती. चंद्री बाहेर आली ती दोन वेण्या घातलेली, अंग चोरून. आईला तिने नमस्कार केला, पाहुण्यांना करतात तसा. सखूने तिला उराशी धरायला हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले. मला त्या मुलीचा रागच आला आणि लगेच माझी मलाच लाज वाटली.

मला स्टेशनावर सोडून टांगा त्या दोघींना वस्तीवर नेणार होता. टांग्यात दोघींच्या मध्ये एक वीतभर जागा रिकामी. बऱ्याच वेळाने चंद्री म्हणाली, "तिकडं बाहेर अंगणात जायचं असलं तर कुणाला विचारायचं?"

"कुणाला नाय," सखू म्हणाली. "दार उघडायचं आन् जायचं."

मुलीने थोडा विचार केला आणि सरकून ती वीतभर जागा भरून टाकली.

मुंबईकडच्या गाडीत मी सासूबाईंना सांगायचं सगळं जुळवत होते. घाट, रामकुंड, किती डुबक्या, कोणते देव. कल्याण येईपर्यंत त्यातलं काहीच सांगावंसं वाटेना. घरी जाऊन त्यांना सखूची गोष्ट सांगायची ठरवली, पहिल्या विटेपासून. त्या ऐकतील की नाही देव जाणे. पण सखूने एवढं सोसून पोरीसाठी आपलं दार उघडं ठेवलं, आणि मी तिच्याकडे गेले होते एवढंही सांगायला घाबरायचं?