पान उलटायची वेळ

लग्न होऊन घोटीहून नाशकात आले, तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं, "सून शिकलेली आहे हो!" शाळेत गेले होते, एवढं खरं. अक्षरं काही हाती लागली नव्हती. पान उघडलं की खड्यांचे तांदूळ निवडायला बसल्यासारखं व्हायचं. पुढचं निवडेतो मागचं विसरायचं. बाई म्हणायच्या, "मठ्ठ आहेस." तेवढाच धडा मला पाठ झाला.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी पोथी वाचायचा मान अर्थातच शिकलेल्या सुनेचा. पण माझे कान तिखट. माहेरी ती कहाणी ऐकून ऐकून तोंडपाठ होती. मी पोथी उघडायची, चेहरा विदुषीसारखा करायची आणि अंदाजानं पानं उलटत सुटायची. एका गुरुवारी आरतीसाठी पोथी मिटली, तर वरच्या चित्रात देवीऐवजी सत्यनारायण! हात जोडून बसलेल्या एकीलाही पत्ता नाही. आणि मी? शेजारणींना वर सांगत होते, "उच्चार स्पष्ट हवेत बाई." काय तो तोरा!

म्हणूनच नातीची चोरी मीच पकडली. ती तिसरीत. धडा घडाघडा म्हणत होती, सून पोळ्या लाटता लाटता खूश. मी समोर बसलेली. धडा पुढच्या पानावरच्या चित्रापर्यंत पोचला आणि पान मागेच राहिलं. मग तिनं ते हळूच उलटलं.

"अगं, ही वाचत नाहीये," मी सुनेला म्हटलं.

"काय आई! एक शब्द चुकला नाही तिचा."

"तेच तर. वाचणारा माणूस अडखळतो."

पोर रडायलाच लागली. "आजी, मी मठ्ठ आहे. कोणाला सांगू नको ना."

माझं आयुष्य निभलं त्या चलाखीवर, पण हिनं तोच धडा पाठ करायचा? छे!

इंदिरानगरला अशा मुलांना शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी नातीला तपासलं आणि आम्हाला समजावलं: बोलणं मूल ऐकून शिकतं, पण वाचायचं तर मेंदूत आवाज आणि आकार यांच्यामध्ये रस्ता पाडावा लागतो. काहींचा तो सहज पडत नाही. हुशारीशी त्याचा संबंध नाही. माणूस वाचत असताना मेंदूत काय चालतं ते आता बघता येतं, आणि योग्य सरावानं तिथलं काम बदलतं, हेही दिसलंय.

"हे घराण्यात असू शकतं. आणखी कोणाला होतं का?" बाईंनी विचारलं. सून छताकडे बघायला लागली. मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

मग आम्ही दोघी शिकायला बसलो. शब्दातले आवाज सुटे करायचे, टाळी वाजवायची, ताटातल्या रव्यात बोटानं अक्षर काढायचं. त्या रव्याचा नंतर शिरा व्हायचा. 'क' गोड असतो, हे मला या वयात कळलं! आज ओळीखाली पट्टी धरून मी हे लिहितेय. शुद्धलेखन सून बघते.

मेंदूत डोकावणारी ती माणसं मी कधी पाहिली नाहीत. पण देवीला हळदकुंकू वाहताना एक बोट त्यांच्यासाठीही असतं, आणि एक इंदिरानगरच्या बाईंसाठी.

यंदा नात म्हणाली, "पोथीचं पहिलं पान मी वाचणार." तिला कहाणी पाठ नव्हती, मी मुद्दामच कधी म्हणून दाखवली नव्हती. गुरुवारी शेजारणी जमल्या. ती बोट ठेवून एकेक शब्द जुळवत होती. एका जोडाक्षरावर गाडी थांबली. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर नाचत होतं. ते बाहेर पडू नये म्हणून मी नैवेद्याचा पेढा तोंडात कोंबला.

नातीनं मान वर केली. "आजी! अजून नैवेद्य दाखवायचाय!"

बायका फिदीफिदी हसल्या. मला वाटलं, गेली आता हिची जागा. पण तिनं खाली बघितलं, बोट होतं तिथंच होतं. ते जोडाक्षर तिनं फोडलं आणि पुढे निघाली.

पान संपलं, तेव्हाच तिनं ते उलटलं.